लुंगीची हद्द

मे महिन्यात सकाळी सातच्या सुमाराला जळगावच्या कुठल्याही कॉलनीत एक चक्कर मारा. फाटकाशी उभा असलेला, हातात दुधाची पिशवी घेऊन शेजाऱ्याशी पाण्याच्या टँकरवर बोलणारा गृहस्थ हमखास लुंगीत असतो. निवृत्त मास्तर, विमा कंपनीतले साहेब, सोन्याच्या पेढीचे मालक, सगळे. लुंगी कोपऱ्यावरच्या किराणा दुकानापर्यंत जाते. भाजीच्या गाडीपर्यंत जाते. कटिंगच्या दुकानातही चालते. रिक्षा थांब्यापाशी मात्र ती संपते. बँक, तलाठी कार्यालय, मुलीच्या शाळेतली पालकसभा, लग्नाची बैठक, हा सगळा पँटचा मुलूख. धुळ्यात देवपूरकडच्या माणसाला पांझरेचा पूल ओलांडून गावात जायचं असलं की पँट चढते. ही हद्द कुठंही लिहिलेली नाही आणि ती कुणाला शिकवावीही लागत नाही.

आता या लुंगीकडे एकदा नीट पाहू. दोन मीटर कापड, दोन्ही टोकं शिवून केलेली नळी, कमरेला एक गाठ. मध्ये शिवण नाही, पाय वेगळे नाहीत. जगात कुठंही दाखवलं तर हा स्कर्टच आहे. पुरुष रोज स्कर्ट घालतात का, या प्रश्नाचं खान्देशातलं उत्तर ‘घालतात, पण गल्लीच्या आत’ असं आहे. तेच कापड कमरेला बटण आणि दोन चुण्या घालून शिवलं आणि घरातला विशीतला नातू ते नेसून कॉलेजात निघाला, तर हेच लुंगीतले आप्पा ओट्यावरून ओरडतील, ‘हाई काय घालेल शे रे भो?’ आप्पांच्या मांड्या मोकळ्या, नातवाच्याही मोकळ्या. पण एकाला वारा लागतो आणि दुसऱ्याला अब्रू जाते.

मला या लेखात एवढंच सांगायचं आहे, की घेर बाईचा आणि दोन पाय पुरुषाचे ही वाटणी आपल्याकडे फार जुनी नाही. आजीच्या तारुण्यापर्यंत मागं गेलं तरी ती विरघळायला लागते.

धोतर नेसताना पाहिलं आहे का कधी? हल्ली पाहायला मिळत नाही म्हणून विचारतो. साधारण साडेचार मीटरचं पान मागून कमरेला घ्यायचं, पुढं बेंबीखाली गाठ मारायची. एका बाजूच्या टोकाच्या निऱ्या करून त्या पायांमधून मागं न्यायच्या आणि पाठीशी खोचायच्या, तो काष्टा. दुसऱ्या टोकाच्या निऱ्या पुढं खोचायच्या किंवा सोगा हातात धरायचा. आता शेजारी लुगडं नेसणारी बाई उभी करा. कमरेला वेढा, गाठ, निऱ्या, पायांमधून मागं नेलेला काष्टा. कमरेखालचं गणित तेच. तिच्याकडे जास्तीचं कापड असतं ते पदरासाठी. म्हणजे शंभर वर्षांपूर्वी जळगावजवळच्या आसोद्यात, जिथं बहिणाबाई चौधरी जन्मल्या, तिथल्या शेतात नवरा-बायको निंदणीला वाकत तेव्हा दोघांचेही पाय कापडानं वेगळे केलेले असत. बाई काष्ट्यात होती म्हणून ती बांध चढू शकत होती, विहिरीत उतरू शकत होती.

मग दोन गोष्टी साधारण पुढंमागं घडल्या. बायकांकडे पाचवारी साडी आली, तिच्यासोबत परकर आला आणि काष्टा गेला. आधी वकील-मास्तरांच्या घरांत, मग बाजारपेठेच्या गावांत, शेवटी खेड्यांत. पुरुषांकडे पँट आली. एकीचे पाय एका नळीत गेले, दुसऱ्याचे दोन नळ्यांत. ही वाटणी व्हायला दोन-तीन पिढ्या लागल्या असतील. त्यानंतर जन्मलेल्या माणसाला वाटतं, हे असंच होतं, रामायणापासून.

पँट आली कुठून? साहेबाकडून, हे तर झालंच. पण खान्देशात ती यंत्रांच्या वाटेनंही आली. भुसावळला रेल्वेचं मोठं ठाणं झालं आणि इंजिनावर, रुळांवर, शेडमध्ये खाकी कपडे शिरले. कापसाच्या मुलखात जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने उभे राहिले, जळगावला खान्देश मिल, अमळनेरला प्रताप मिल, चाळीसगाव-धुळ्यातही गिरण्या आल्या. फिरत्या पट्ट्याजवळ धोतराचा सोगा म्हणजे जिवाशी खेळ. १९४८च्या कारखाना कायद्याचं २२वं कलम चालू यंत्राजवळ काम करणाऱ्यानं अंगासरशी बसणारे कपडे घालावेत आणि ते मालकानं पुरवावेत असं सांगतं. इथं पँटची बाजू मला पूर्ण पटते. ज्या कामात कापड अडकून हात जातो तिथं कापड आवरलंच पाहिजे. प्रश्न असा आहे की बँकेच्या काउंटरवर कोणता पट्टा फिरत असतो?

आणि गंमत म्हणजे यंत्रमागावर लुंगी टिकली. १८५७ नंतर उत्तरेतून निघालेली विणकर कुटुंबं मालेगाव, धुळे, भिवंडी, बुऱ्हाणपूर अशी पसरली. त्यांच्या मोहल्ल्यांत चौकडीची लुंगी आणि बनियन हाच कामाचा वेश. मागांच्या खडखडाटात, छताच्या पत्र्याखालच्या उकाड्यात, लुंगी गुडघ्यापर्यंत दुमडून माणूस पाळी काढतो, आणि पाळी संपली की तीच लुंगी खाली सोडून चहाच्या टपरीवर येतो. तिथं लुंगीची हद्द गल्लीच्या पार पुढं, थेट बाजारापर्यंत आहे. कॉलनीतल्या लुंगीला जी लाज आहे ती या लुंगीला नाही. मात्र कॉलनीवाल्याच्या नजरेत या लुंगीवर जातीधर्माचा शिक्का आहे, हेही खरं. चौकडीची लुंगी दिसली की अमक्या मोहल्ल्यातला, असं मनात पटकन येतं. फाटकाच्या आतल्या स्वतःच्या लुंगीबद्दल येत नाही.

रावेर-यावलच्या केळीपट्ट्यात पँट बाजूला ठेवण्याचं आणखी एक व्यवहारी कारण ऐकायला मिळतं. केळीचा चीक कापडाला लागला की डाग जात नाही. घड उतरवणारा मजूर म्हणून कमरेला जुनं धोतर किंवा टॉवेल गुंडाळतो, पँट झाडाला टांगून ठेवतो आणि घरी जाताना चढवतो. पँट ही रस्त्यावर दिसण्याची वस्तू, काम करायचं ते उघड्या कापडात.

हा मोकळा घेर किती जुना, ते अजिंठ्यात दिसतं. अजिंठ्याला जायला बरेच प्रवासी जळगावच्याच स्टेशनवर उतरतात, लेणी तिथून साठेक किलोमीटर. गावातल्या माणसानं ती शाळेच्या सहलीत पाहिलेली असतात, म्हणजे पाहिलेली नसतात. पहिल्या आणि सतराव्या लेण्यात पुन्हा जा आणि फक्त पुरुषांच्या कमरेखाली पाहा. राजे, सेवक, वादक, बहुतेक न शिवलेल्या वस्त्रात. कुणाचं गुडघ्याच्या वर, कुणाचं घोट्यापर्यंत, आडव्या पट्ट्यापट्ट्यांचं, नक्षीचं, आजच्या फॅशनवाल्यांना हेवा वाटावा असं. पहिल्या लेण्याच्या छतावर टोपी, अंगरखा आणि पायमोजे घातलेली मंडळी आहेत, ती इराणी वेशातली परदेशी माणसं. दीड हजार वर्षांपूर्वीच्या त्या चित्रकाराला शिवलेल्या कपड्यांनी झाकलेला माणूस हा पाहुणा वाटत होता.

पुढं शिवलेले कपडे आले, तरी घेर गेला नाही. १७९०च्या दशकात जेम्स वेल्स या स्कॉटिश चित्रकारानं पुण्यात सवाई माधवराव आणि नाना फडणवीसांची चित्रं काढली. त्यातला पांढऱ्या मलमलीचा जामा पाहा. छातीशी घट्ट, कमरेपासून खाली चुण्याच चुण्या. खाली सुरवार असली तरी डोळ्याला दिसतो तो घेरच. मराठी दौलतीचे कारभारी या वेशात दरबार चालवत होते आणि कुणी त्यांना बायकी म्हटलं नाही. संजय लीला भन्साळींच्या ‘बाजीराव मस्तानी’त रणवीर सिंगच्या घेरदार अंगरख्यांवर जळगावच्या थेटरात शिट्ट्या पडल्या. तोच रणवीर खऱ्या आयुष्यात स्कर्ट घालून कार्यक्रमाला गेला तेव्हा तेच प्रेक्षक मोबाइलवर हसले.

इथवरचं सगळं घेराच्या बाजूनं झालं. पण घेराची एक गोष्ट अशी आहे की तिच्यापुढं माझी जीभ थबकते.

पोतराज. मरीआईचा गाडा डोक्यावर घेतलेली बाई ढोलकं वाजवतेय, आणि पुढं हा. उघडं अंग, वाढवलेले केस, कपाळभर हळदकुंकू, हातात कोरडा, आणि कमरेला रंगीबेरंगी खणांच्या, चिंध्यांच्या पट्ट्यांचा घागरा. तो गोल फिरला की पट्ट्या छत्रीसारख्या उघडतात. मग स्वतःच्याच अंगावर आसूड. बायका सुपात धान्य घेऊन येतात, पोरं लांबून पाहतात. सगळ्या महाराष्ट्राला माहीत असलेला हा पुरुषाचा घागरा, आणि त्यात त्या पुरुषाची निवड काडीची नाही. नवसानं मूल देवीला सोडायचं, केस कापायचे नाहीत, मोठा झाला की घागरा बांधायचा. त्या वेशाला ‘आभरान’ म्हणतात. पार्थ पोळके यांनी पोतराजाच्या घरातलं आपलं आत्मकथन लिहिलं तेव्हा पुस्तकाला नाव हेच दिलं. ज्या जातींवर हे लादलं गेलं त्यांच्या मुलांनी केस कापले, घागरा टाकला आणि पँट-शर्ट घातला, ती फॅशन नव्हती, सुटका होती.

धुळ्याजवळ लळिंगच्या लांडोर बंगल्यात दरवर्षी ३१ जुलैला भीमसैनिकांची गर्दी लोटते. १९३७ साली याच तारखेला डॉ. बाबासाहेब आंबेडकर कोर्टाच्या कामासाठी धुळ्याला आले असता तिथं मुक्कामाला होते. त्या दिवशी बंगल्यावर येणारा प्रत्येक जण भिंतीवरच्या, बॅनरवरच्या ज्या चित्राला हात जोडतो त्यात कोट आहे, टाय आहे, पँट आहे. गांधींनी २२ सप्टेंबर १९२१ला मदुराईत अंगावरचे कपडे उतरवून पंचा घेतला तो गरिबांसारखं दिसण्यासाठी. आंबेडकरांनी सूट घातला, कारण ज्यांना आधीच उघडं ठेवलं होतं त्यांनी पुन्हा उघडं होण्यात काही अर्थ नव्हता. म्हणून ‘पँट सोडा, मोकळे व्हा’ असं सरसकट कुणी सांगत असेल तर त्यानं आधी लळिंगला जाऊन यावं. पँट कुणाच्या अंगावर किती कष्टानं आली हे विसरून घेराचं कौतुक करता येणार नाही.

पोतराजाला घेर देवाच्या नावानं मिळाला; दुसऱ्या काही पुरुषांना तो कलेनं दिला. जळगावकरांना बालगंधर्वांचा अभिमान आहे. लहानपणी ते, म्हणजे नारायण राजहंस, जळगावात राहिले, मेहबूबखाँ यांच्याकडे गाणं शिकले. गावात त्यांच्या नावाचं खुलं नाट्यगृह आहे, त्यांच्या नावानं संगीत महोत्सव होतो. १९०५ साली ते किर्लोस्कर मंडळींत शकुंतला झाले आणि पुढची तीस वर्षं महाराष्ट्रातल्या बायकांनी साडी कशी नेसावी, अंबाडा कसा घालावा, दागिना कुठला घ्यावा हे एका पुरुषाकडे पाहून ठरवलं. स्टेजवरून उतरले की धोतर, कोट, टोपी. १९६४ला पद्मभूषण. त्यांच्या साडीनं त्यांच्या पुरुषपणावर प्रश्न आणला नाही, कारण ती साडी रंगमंचापुरती राहत होती, भरजरी होती आणि शास्त्रीय गाण्याच्या सोबत येत होती.

तमाशातल्या नाच्याला ही सवलत मिळाली नाही. खान्देशात वहीगायनाच्या आणि सोंगाड्या पार्ट्यांत बाईची भूमिका पुरुषच करत आले. गावच्या जत्रेत रात्रभर त्याला हसायचं, टाळ्या द्यायच्या, आणि सकाळी तो पारावर चहा प्यायला आला की कोपरखळ्या मारायच्या. मराठी सिनेमात नाच्या म्हणून गाजलेले गणपत पाटील घरसंसार असलेले गृहस्थ. पडद्यावरच्या त्या लचक्याचा त्रास त्यांना आणि त्यांच्या मुलाबाळांना आयुष्यभर झाला. आनंद यादवांच्या ‘नटरंग’ कादंबरीतला पैलवान नाच्या होतो आणि त्याची जी दुर्दशा होते, ती कल्पित म्हणून सोडून देता येत नाही. बालगंधर्व आणि नाच्या या दोघांच्या अंगावर साडीच होती. फरक प्रेक्षकांच्या खुर्च्यांच्या दरात होता.

इथं एक घोटाळा होतो, तो वेळीच सोडवलेला बरा. साडी नेसलेली प्रत्येक व्यक्ती जिला आपण मनात ‘पुरुष’ म्हणतो, ती पुरुष असतेच असं नाही. जळगाव तालुक्यातल्या भादली बुद्रुकच्या अंजली पाटील यांनी ग्रामपंचायतीच्या महिला राखीव जागेवर अर्ज भरला, तो फेटाळला गेला. त्या औरंगाबाद खंडपीठात गेल्या. जानेवारी २०२१मध्ये न्यायालयानं त्यांना स्त्री म्हणून निवडणूक लढवू दिली आणि त्या निवडूनही आल्या. त्या तृतीयपंथी आहेत, स्त्री म्हणून जगतात. त्यांची साडी ही त्यांची ओळख आहे. तिचा ‘पुरुषानं साडी नेसावी का’ या वादाशी संबंध नाही. मी बोलतोय तो स्वतःला बाप्या समजणाऱ्या, तसंच राहू इच्छिणाऱ्या आणि तरी उन्हाळ्यात मांड्यांना वारा हवा असलेल्या माणसाबद्दल.

कारण शेवटी हा उन्हाचा मामला आहे. जळगाव-भुसावळला मेमध्ये पारा ४५च्या वर जातो. डांबर बुटाला चिकटतं. अशा दिवसांत जाड कापडाची पँट, वर पट्टा, आत इन केलेला शर्ट. जांघेतल्या घामोळ्यांवर पावडर थापून कार्यालयात आठ तास बसायचं. इंग्लंडात जून २०१७मध्ये थोडी गरमी झाली तेव्हा एक्झेटरच्या एका शाळेनं मुलांना हाफ पँट घालू दिली नाही. मुलं दुसऱ्या दिवशी मुलींच्या गणवेशातला स्कर्ट घालून शाळेत हजर. तो नियमात बसत होता. त्याच महिन्यात फ्रान्समध्ये नांत शहरातल्या बसचालकांनी तेच केलं. तिथला पारा आपल्या मेमधल्या दुपारइतका चढला नसेल. आपल्याकडे स्कर्ट आणायला बाजारात जायचीही गरज नाही, तो दोरीवर वाळत असतो.

बाजाराचीही एक हकिकत सांगतो. जळगावचं फुले मार्केट असो की धुळ्याचा पाचकंदील, दुकानदाराकडे ‘धोतर दाखवा’ म्हटलं की तो आधी तुमच्या वयाकडे बघतो, मग विचारतो, ‘लग्नाचं की पूजेचं?’ रोजचं असा पर्याय त्याच्या मनात येत नाही. बहुतेकदा पुढं येतं ते रेडिमेड धोतर. कमरेला इलॅस्टिक, निऱ्या आधीच शिवलेल्या, काष्टा शिवलेला, वर खिसा, काहींना चेन. दोन पाय घालायचे आणि वर ओढायचं. नवरदेवांचे मित्र वरातीत हेच घालून डीजेपुढं नाचतात. ही पँटच आहे, धोतराचं सोंग घेतलेली. लुंगीचा गठ्ठा मात्र अजून रोज फुटतो. दक्षिणेतून आलेली पांढरी, काठाची, चौकडीची, साधी सुती. गिऱ्हाईक कापड चिमटीत धरून उजेडाकडे नेतं, जाडी पाहतं आणि दोन घेऊन जातं. घरासाठी.

आता सरकारकडे येऊ. महाराष्ट्र शासनानं ८ डिसेंबर २०२०ला कर्मचाऱ्यांच्या पेहरावाबद्दल परिपत्रक काढलं. बायकांसाठी साडी, सलवार, चुडीदार-कुर्ता, शिवाय ट्राऊझर आणि त्यावर कुर्ता किंवा शर्ट. पुरुषांसाठी शर्ट आणि पँट. शुक्रवारी खादी वापरा, असंही त्यात आहे. १५ मार्च २०२४ला शिक्षकांसाठी असाच निर्णय आला: पुरुष शिक्षकांनी शर्ट, ट्राऊझर, शर्ट आत खोचलेला. बाईला दोन्ही प्रकारचे कपडे मोकळे झाले, हे चांगलंच झालं. पुरुषाला एकच. अमळनेरच्या शाळेत १९२४ ते १९३० अशी सहा वर्षं धोतर नेसून शिकवणारे साने गुरुजी आजच्या नियमात बसत नाहीत. १९३२च्या फेब्रुवारी ते जूनमध्ये धुळ्याच्या तुरुंगात दर रविवारी गीतेवर बोलणारे विनोबा आणि ते लिहून घेणारे गुरुजी, दोघांनाही आज जिल्हा परिषदेच्या शाळेत पँट घालून यायला सांगावं लागेल. १९३६च्या डिसेंबरात फैजपूरला काँग्रेसचं खेड्यातलं पहिलं अधिवेशन भरलं. त्या मंडपात पंचे आणि धोतरं होती. त्या अधिवेशनाची आठवण आपण आजही भाषणात काढतो.

तमिळनाडूत २०१४ साली चेन्नईच्या एका क्लबनं वेष्टी, म्हणजे तिथलं धोतर, नेसलेल्या उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींना आत सोडलं नाही. महिन्याभरात विधानसभेनं कायदा केला: वेष्टी नेसली म्हणून क्लबात, सार्वजनिक जागी कुणाला अडवता येणार नाही. तिथं मंत्र्यांपासून शिपायापर्यंत अनेक पुरुष उघड्या वस्त्रात वावरतात. पुरुषपणाला काही झालेलं दिसत नाही. आपल्याकडे तो कायदा करावा लागेल इतकी कुणी मागणीच केली नाही, कारण धोतर नेसणारा कुठं जायचाच बंद झाला.

आपल्याकडच्या बायल्या म्हणवून घेण्याच्या भीतीचं काय, असं कुणी विचारेल. ती आहे. पण ‘बायल्या’ ही शिवी ज्याला लागते त्याला ती कापडाची लागत नाही, बाईसारखं असण्याची लागते, आणि बाईसारखं असणं हलकं का, हा प्रश्न घराघरात आधी सोडवावा लागेल. कॉलेजात स्कर्ट घालून जाऊ पाहणारा मुलगा जळगावात उद्या उगवणार नाही, उगवला तर त्याला एकटं पाडू नका, एवढंच मी पालकांना म्हणेन. त्याच्या आधी करता येण्यासारखं एक साधं काम आहे. पुरुषांच्या पेहरावाच्या यादीत शर्ट-पँटसोबत धोतर, लुंगी आणि पायजमा हे तीन शब्द घालावेत, यंत्राजवळची कामं सोडून. जळगाव आणि धुळ्याच्या आमदारांनी, पक्ष कुठलाही असो, ही मागणी मार्चच्या अधिवेशनात मांडावी. एप्रिलपासून आपल्याकडे ऊन सुरू होतं.